पाहुण्याला चालतं का बघा

ते उघड्या दारावरही टकटक करायचे. खराडीच्या आमच्या ऑफिसात तशी दारं फारशी नव्हतीच. छातीएवढ्या उंचीच्या कापडी भिंती होत्या, आणि उभ्या माणसाला बसलेल्याच्या डब्यात कुठली भाजी आहे ते वरून सहज दिसायचं. त्या कापडावर ते बोटाच्या पेराने वाजवायचे. कापडाचा आवाज कसला येणार? मग तोंडाने म्हणायचे, "टकटक. येऊ का?" आणि आपण 'या' म्हणेपर्यंत तिथेच उभे.

एकदा गंमत बघावी म्हणून मी उत्तरच दिलं नाही. मान खाली घालून टाइप करत राहिलो. ते उभे. मी टाइप करतोय, ते उभे. शेवटी मलाच बाथरूमला जाणं भाग पडलं. उठलो तर म्हणाले, "आपलं चालू द्या, मला घाई नाही." ज्याची गंमत करायला गेलो तो शांत आणि अवघडलेला मी. माझ्या बहुतेक गमतींची हीच गत झालेली आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

त्या वेळी पुण्यात रोज एक काचेची इमारत उभी राहत होती आणि तिच्यात आमच्यासारखी पोरं भरली जात होती. सगळे पंचविशीच्या अलीकडले-पलीकडले. त्यांच्यात हे एकटे पंचावन्नच्या घरातले. पूर्वी पिंपरीच्या एका कारखान्यात संगणक विभागात होते. कारखाना बंद पडला, स्वेच्छा म्हणतात तशी निवृत्ती झाली आणि ते आमच्याकडे आले. उभट चेहरा, इस्त्रीचा शर्ट आणि ओठावर झाकण टाकल्यासारखी पांढरी दाट मिशी. चहा प्यायले की ती मिशी रुमालाने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पुसायचे. मी कॅन्टीनमध्ये त्यांची नक्कल करायचो ती या रुमालापासून सुरू व्हायची. नक्कल चांगली व्हायची. काम मात्र माझं तितकं चांगलं नसायचं.

त्यांचं काम होतं इन्स्टॉलर बनवण्याचं. आम्ही सॉफ्टवेअर लिहायचो आणि ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर नीट बसवणारी सीडी ते तयार करायचे. आम्हां पोरांना हे काम खालच्या दर्जाचं वाटायचं, मांडव घालणाऱ्याचं. मी तसं एकदा त्यांच्या तोंडावर बोललोही. ते म्हणाले, "बरोबर आहे. लग्न तुमचं, मांडव माझा. पडला तर मात्र वऱ्हाडाच्या डोक्यावर पडतो, माझ्या नाही."

मी अकोल्याकडचा. 'वऱ्हाड' हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून जरा सावकाश उच्चारला, हे माझ्या लक्षात आलं.

ऑफिसात त्यांच्या पहाटेच्या येण्याची रोज चर्चा असायची. कंपनीच्या पहिल्या बसने, सफाईवाले यायच्या आधी, ते ऑफिसात हजर असायचे. येताना पिशवीत टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि दाढीचं सामान. ऑफिसच्या बेसिनवर दात घासायचे, तिथेच दाढी करायचे, मिशीची कडा छोट्या कात्रीने सारखी करायचे. लवकर आलेल्या कुणी पाहिलं तर आरशातूनच "सुप्रभात" म्हणायचे. वारज्यात राहणारा माणूस तोंड धुवायला खराडीपर्यंत येतो, म्हणजे पुण्याच्या या टोकापासून त्या टोकाला, याचं कारण मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: पाण्याचं बिल वाचवतात. पुणेकर आहेत, त्याला आपण काय करणार! सगळे हसायचे. मला तेव्हा असे खूप शोध लागायचे.

त्यांच्या टेबलाजवळ एक जुनं मशीन होतं. त्यावर त्यांनी एक खातं उघडलेलं होतं, नाव 'पाहुणा'. या पाहुण्याला कसलेच अधिकार नव्हते. फाइल पुसता यायची नाही, घड्याळ बदलता यायचं नाही. आमच्याकडून कुठलंही नवीन काम तयार झालं की ते आधी या पाहुण्याच्या नावाने आत शिरून चालवून बघायचे. आमची मशीनं म्हणजे सगळे अधिकार आमच्याच हातात. आमच्याकडे चालणारं तिथे धाडकन पडायचं. मग ते कापडी भिंतीशी यायचे.

"टकटक. येऊ का? पाहुण्याला चालत नाहीये."

"सर, पाहुण्याला कशाला हवंय? गिऱ्हाइकाला सांगू ना, अॅडमिन म्हणून चालवा."

"मालकाला चालतं यात काय कौतुक? पाहुण्याला चालतं का बघा."

हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझ्या नकलेचा शेवट मी त्यानेच करायचो.

रजिस्ट्री म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. प्रत्येक मशीनच्या पोटात एक मोठी नोंदवही असते. कुठलं सॉफ्टवेअर कुठे राहतं, त्याच्या सवयी काय, सगळं तिच्यात. "तुमच्यासारख्यांना समजेल असं सांगतो," ते म्हणाले. "ही एक हाउसिंग सोसायटी समजा. प्रत्येक सॉफ्टवेअरला एकेक फ्लॅट. फ्लॅटच्या दाराशी पाटी असते. कुणी नुसतं आत डोकवायचं, कुणी सामान हलवायचं, कुणी येऊच नये. ती पाटी आपला इन्स्टॉलर लावतो. आपण दुसऱ्याच्या सोसायटीत पाट्या लावायला गेलेलो असतो, हे ध्यानात ठेवायचं. हळू बोलायचं आणि चपला बाहेर काढायच्या."

"आणि पाटी चुकली तर?"

"मालकी असली तर पाटी बदलता येते. कुलूप आतून लागलं तरी मालकाला ते फोडता येतं, तशी सोय असते. पण फोडून आत गेलेल्याला घर पुन्हा पहिल्यासारखं मिळत नाही."

मी म्हटलं, "सर, मशीनबद्दल बोलताय ना?"

"अर्थात," ते म्हणाले आणि चहा संपल्यावर मिशी पुसली.

आता माझा पराक्रम. आमचं एक सॉफ्टवेअर रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये चालायचं. तपासणीच्या यंत्रातून आकडे यायचे आणि आमचा एक प्रोग्रॅम ते पाठीमागून गुपचूप उचलून रिपोर्टात भरायचा. एका लॅबमालकाची तक्रार आली की काउंटरवरच्या मुलींना सेटिंग जतन करता येत नाही, परवानगी नाही असं मशीन सांगतं. मॅनेजर माझ्यावर ओरडला. ते त्या दिवशी रजेवर होते. वर्षानुवर्षं रजा न घेणारा माणूस नेमका त्याच दिवशी रजेवर, याचा अर्थ मला तेव्हा फक्त एवढाच लागला, की आता मैदान मोकळं आहे.

इन्स्टॉलरमध्ये परवानग्यांचं एक टेबल असतं. मी त्यात एकच ओळ लिहिली: आमच्या फ्लॅटमध्ये साध्या युजर लोकांना वाचायला-लिहायला मुभा. सरळ गोष्ट आहे, काउंटरवरच्या मुली आत आल्या की काम झालं. माझ्या मशीनवर चालवलं, चाललं. पाहुण्याच्या मशीनपाशी गेलो, त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि परत आलो. सीडी सगळ्या लॅबना गेली.

त्या टेबलाची खोड अशी, की ते जुन्या पाटीत नवीन नाव जोडत नाही. जुनी पाटीच काढून टाकतं आणि तुम्ही लिहिलं तेवढंच ठेवतं. जे लिहिलं नाही ते बाहेर. मी काउंटरवरच्या मुलींना आत घेतलं आणि त्याच ओळीने मशीनच्या स्वतःच्या सिस्टिमला, अॅडमिनला, पाठीमागून आकडे उचलणाऱ्या त्या गरीब प्रोग्रॅमला, सगळ्यांना घराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या लॅबमधून आकडे यायचे बंद. सॉफ्टवेअर चालेना. बरं, काढून टाकावं तर निघेना, कारण काढणाराही बाहेरच! उपाशीपोटी रक्त देऊन बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या बाकांवर ताटकळत होते आणि लॅबवाले फोनवर माझ्या मॅनेजरच्या सात पिढ्यांची विचारपूस करत होते.

ते आले. टेबल पाहिलं. मला वाटलं, आता ऐकवतील. ते फक्त म्हणाले, "एकच ओळ लिहिलीत."

"हो सर."

"पाहुण्याला आत घेताना आधी घरातल्यांची नावं लिहून ठेवायची असतात. नाहीतर घरातलेच राहतात बाहेर. गाडी आहे ना तुमच्याकडे? चला."

माझ्या मोटरसायकलवर मागे बसून ते लॅबमागून लॅब फिरले. प्रत्येक ठिकाणी आधी टकटक, "येऊ का?", मग काउंटरवरच्या मुलीची माफी, मग मशीन. हाताने मालकी स्वतःकडे घ्यायचे, पाटीवर सगळ्यांची नावं पुन्हा लिहायचे, आणि उठायच्या आधी मालकी परत जिथली तिथे देऊन टाकायचे. तिसऱ्या की चौथ्या ठिकाणी मी वैतागून म्हटलं, "सर, हे शेवटचं कशाला? चालू झालं ना?" तर म्हणाले, "घेतलेली परत द्यायची असते. लोक विसरतात."

शेवटची लॅब वारज्यातली होती. संध्याकाळ झाली होती. "घर जवळच आहे, सोडतो," मी म्हणालो. ते नको-नको म्हणत होते, पण मी मुळातच आगाऊ. त्यांच्या सोसायटीत गाडी घातली आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांच्यामागे गेलोसुद्धा, कारण मला त्यांच्या घरी चहा घ्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर पाणी येतं की नाही ते बघायचं होतं.

दारावर त्यांच्याच नावाची पाटी. खिशात किल्ली असणार, जुडग्याचा आवाज येत होता. पण त्यांनी ती काढली नाही. टकटक केलं. बेल असूनही टकटक.

आतून बाईमाणसाचा आवाज आला, घाबरलेला. "कोण?"

ते एक पायरी खाली उतरून उभे राहिले, भिंतीला चिकटून, दाराच्या भोकातून दिसू नये असे.

"कोण आहे? आमचे हे घरी नाहीत. नंतर या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला काही कळेना, आणि काही कळलं नाही की मी बोलतो, ही माझी जुनी खोड. गोंधळात माझी अकोल्याची भाषा बाहेर पडली. "म्या हाव, मावशी. अकोल्याकडचा."

मग कडी निघाली. दारात एक बारीक बाई, नीट नेसलेली, केसांत फूल. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अकोल्याचा हायेस? मंग उभा काहून? ये न बाप्पा आत. जेवला काय?"

मी आत गेलो. मागून ते आले. तिने विचारलं, "सोबत कोन हाये तुह्या?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. स्वतःच्या उंबऱ्यावर ते हातात पिशवी घेऊन उभे होते, चपला बाहेर काढून.

"पाहुणे आहेत," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"बसा," ती त्यांना म्हणाली, आणि आता तिची भाषा एकदम पुण्याची झाली, स्वच्छ, अदबीची. "आमचे हे येतीलच एवढ्यात ऑफिसातून. भेटूनच जा."

ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले. खिडकीशी एक वेताची आरामखुर्ची होती, तिच्या पाठीवर डोकं टेकून टेकून काळा डाग पडलेला. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

परत जिन्यावर आल्यावर त्यांनी मला सांगितलं, तेही तुटक, इन्स्टॉलर समजवावा तसं. आजार दोन-तीन वर्षांपूर्वी सुरू झाला. आधी भाज्यांची नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. तिला नवरा आठवतो, पण तो काळ्या केसांचा आहे आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून यायचा आहे. हा पांढऱ्या मिशीचा म्हातारा कोण, हे तिला माहीत नाही. सांभाळायला एक बाई राहते, दिवसरात्र. पण दार त्या बाईने उघडलं किंवा त्यांनी किल्लीने उघडलं तर ती किंचाळते. दार तिने स्वतः उघडलं तरच शांत राहते. म्हणून संध्याकाळी ते जिन्यावर बसून राहायचे. ती गोळी घेऊन झोपली की बाई आत घ्यायची. आणि सकाळी ती उठायच्या आत पहिल्या बसने बाहेर. दात आणि दाढी ऑफिसात.

पाण्याच्या बिलाचा माझा शोध घशात अडकला. तो मी आजतागायत गिळतो आहे.

"पण सर, किल्ली आहे ना तुमच्याकडे? घर तुमचं आहे."

"किल्ली आहे. घरही माझ्याच नावावर आहे. परवानगी नाही."

त्यांची मुलगी बंगळूरला होती. तिने बजावून ठेवलं होतं की आणखी एकदा आरडाओरडा झाला, शेजारी जमले, तर आईला संस्थेत ठेवायचं. मांजरी गावाच्या बाजूला उसाच्या शेतांना लागून एक जागा तिने बघूनही ठेवली होती. वडिलांची एक सही पुरणार होती. मुलीचंही चूक नव्हतं, ज्या दिवशी ते रजेवर होते त्याच दिवशी मावशींनी त्यांना चोर समजून लाटणं फेकून मारलं होतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात येऊन म्हणाले होते, "आपल्या घरगुती कार्यक्रमाची वेळ जरा आधी कळवत चला, म्हणजे आम्ही टीव्हीचा आवाज वाढवू."

"सही करायचा अधिकार आहे मला," ते म्हणाले. "पण ते कुलूप फोडणं झालं."

त्या दिवसापासून बरेच आठवडे मी त्यांची किल्ली झालो. मी राहायलाही वारज्यातच होतो, त्यामुळे जाता-जाता जमायचं. रोज संध्याकाळी मी दारावर हाक मारायची, "मावशी, म्या आलो", कडी निघायची, आणि माझ्यामागून पाहुणे आत. मी थोडा वेळ बसून निघायचो, पाहुणे मागे राहायचे, 'हे' येईपर्यंत. माझ्याशी ती तिच्या माहेरची बोलायची: कापसाचे ढीग, विहिरीवरची भांडणं, कुणाचं लग्न कसं मोडलं. पाहुण्यांशी पुण्याचं बोलायची. हळूहळू पाहुण्यांना चहा मिळायला लागला, मग पोहे. एका संध्याकाळी ती त्यांना म्हणाली, "तुम्ही बोलता फार कमी. आमचे हेही असेच. तोंड उघडलं की टोमणा." ते म्हणाले, "असतात काही माणसं." ती हसली. स्वयंपाकघरातून झाकलेलं एक ताट दिसायचं, रोज वाढून ठेवलेलं, काळ्या केसांच्या माणसासाठी. पाहुणे पोहे खायचे आणि त्या ताटाकडे पाठ करून बसायचे.

पुढे पुढे तर ती माझ्याशिवायही त्यांना आत घ्यायला लागली. बाहेरून "टकटक. पाहुणा आलोय," एवढं म्हटलं की पुरे. ऑफिसात हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "कमीत कमी अधिकारात चालतंय," ते म्हणाले.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी बसलो नाही. एका रविवारी दुपारी गेलो तर दोघं छान गप्पा मारत बसलेले. ती त्यांना लिंबाच्या लोणच्याची कृती सांगत होती, आणि ज्या कृतीचं लोणचं ते तीस वर्षं खात आले होते ती ते पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होते. मला वाटलं, झालं की काम! आता एवढी ओळख झालीच आहे, तर एक शेवटचा धक्का. मोठ्या उत्साहात मी म्हणालो,

"मावशी, वळखलं नाई काय? हेच तर काका व्हय!"

ते झटकन उठले. "अहो, नको—"

पण मी म्हणून गेलो होतो. ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्यांच्याकडे. मिशीकडे, केसांकडे, हातांवरच्या शिरांकडे. मला वाटलं होतं फार तर रडेल, फार तर नाही म्हणेल. ती खुर्चीवरून हळूच उठली, भिंतीला पाठ लावली आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"त्यांना काय केलं तुमी दोघांनी?"

मग ती गॅलरीत गेली आणि ओरडायला लागली. नवऱ्याला मारून टाकलं, घरात माणसं घुसली, कुणी आहे का. खालच्या मजल्याची दारं उघडली. पोरं खेळायची थांबली. सांभाळणारी बाई तिला धरायला धावली तर ती तिलाही घाबरली. सेक्रेटरी चष्मा पुसत वर आले आणि या वेळी त्यांना टोमणा सुचला नाही.

आम्ही दोघं जिन्यात येऊन बसलो. आतून कडी लागली. मी काहीतरी बरळत होतो, माफीचं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले,

"पुन्हा एकच ओळ लिहिलीत."

माझं काय, अकोल्याचा पोरगा तिच्या लेखी त्या दिवशीच मेला. पण पाहुणेही गेले. मी नवऱ्याला आत घ्यायला गेलो आणि जो आत होता त्यालाही बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी त्यांनी "टकटक, पाहुणा आलोय" म्हटलं तर आतून खुर्ची दाराला लावल्याचा आवाज आला. त्यानंतरच्या दिवशीही तेच. सेक्रेटरींनी मुलीला फोन केला. मुलगी म्हणाली, बाबा, आता पुरे. पुढच्या रविवारी मी येते, सही करा, आपण आईला मांजरीला पोचवू.

तो आठवडा ऑफिसात ते नेहमीसारखेच वागले. पहिली बस, बेसिन, टकटक. फक्त पाहुण्याच्या मशीनपाशी ते नुसतेच बसायचे, काही नवं न चालवता. पडद्यावर परवानगी नाही असं आलेलं असायचं आणि ते त्यावरचं 'ठीक आहे'चं बटण दाबायचे नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी लवकर गेलो होतो. झोप लागत नव्हती हे खरं कारण. बेसिनपाशी ते होते. मी "सुप्रभात" म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. मिशी नव्हती. ओठावरची कातडी पांढरी, कधी ऊन न लागलेली, आणि चेहरा एखाद्या अनोळखी माणसाचा. बेसिनमध्ये पांढरे केस पडलेले होते, ते पाणी टाकून टाकून ते घालवत होते.

दिवसभर पोरांनी त्यांना सोडलं नाही. "काय सर, नवा लूक? कुणासाठी?" मॅनेजरही म्हणाला, "दहा वर्षांनी तरुण दिसताय." माझ्याकडे सगळे बघत होते, आता मी नक्कल करीन म्हणून. मिशीच नाही तर रुमालाची नक्कल कशी करणार? मी नाही केली.

"नवीन खातं उघडलंय," ते एवढंच म्हणाले. पोरांना वाटलं, बँकेचं.

शनिवार-रविवार मी वारज्यात असून त्यांच्या गल्लीत फिरकलो नाही. हिंमत नव्हती. सोमवारी कापडी भिंतीवर बोटाचं पेर वाजलं. "टकटक. येऊ का?"

"या सर. या." मी उभाच राहिलो. "काय झालं?"

"मुलगी परत गेली. एकटी."

"म्हणजे दार उघडलं?"

"उघडलं. जरा वेळ लावला. नाव सांगितलं नाही, आवाज थोडा बारीक काढला. म्हटलं, साहेबांकडे काम आहे. म्हणाली, ते येतीलच, बसा." ते बसले, माझ्यासमोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर, पाहुणा बसतो तसे. "चहा दिला. पोहे नाहीत. ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

"पण चाललं तर!"

"चाललं." त्यांनी रुमाल काढला, सवयीने ओठापाशी नेला, पुसायला तिथे काही नव्हतं, तसाच घडी करून ठेवला. "एक गोष्ट म्हणाली. म्हणाली, तुमच्या आधी एक मिशीवाले यायचे. भले गृहस्थ होते. कुणीतरी काहीतरी बोललं आणि मी घाबरून त्यांना दार उघडलं नाही. तेव्हापासून आलेच नाहीत. तुमची ओळख आहे का त्यांची?"

"मग?"

"आहे म्हटलं, थोडीफार. तर म्हणाली, भेटले तर सांगा, राग धरू नका म्हणावं. या म्हणावं."

"मग सर... आता?"

"आता काय." ते उठले, खुर्ची होती तशी सरकवून ठेवली. "मिशी यायला महिना लागतो हो. आणि ती आली की हा आत्ताचा जातो." कापडी भिंतीपाशी थांबून त्यांनी तिच्यावरचा एक धागा उचलून टाकला. "निरोप पोचवतो म्हणालो."

मग ते आपल्या जुन्या मशीनपाशी गेले. खुर्चीवर बसले, आणि पाहुण्याच्या नावाने आत शिरले.